बाटलीवर ‘ग्रीन’ लिहिलंय, पण मोरीतून खाली गेल्यावर काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या ताई फरशी पुसायचं, भांडी घासायचं, कपडे धुण्याचं सगळं सामान ‘ग्रीन’, ‘इको’, ‘प्लांट-बेस्ड’ असं छापलेलंच आणतात आणि त्यासाठी जवळपास दुप्पट पैसे मोजतात. आता त्यांच्या कमिटीत असा विचार चाललाय की सगळ्याच घरांना अशी उत्पादनं वापरायला सांगावं, म्हणजे सोसायटीच्या एसटीपीमधला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पातला, फेस कमी होईल आणि नदीचंही भलं होईल. हे खरंच होतं का, असं त्यांनी विचारलंय.

माझं निम्मं आयुष्य डिटर्जंटची फॉर्म्युलेशन बसवण्यात गेलं आणि त्यानंतर मी सांडपाण्याच्या कामात आलो. त्यामुळे बाटलीत काय भरतात तेही पाहिलंय आणि ते टाकीत आल्यावर काय करतं तेही. माझं मत असं आहे की काही उत्पादनं खरोखर इतरांपेक्षा बरी असतात, पण ती ओळखायला ‘ग्रीन’ या शब्दाचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. बाटलीवरचा दावा बहुतेक वेळा धडधडीत खोटा नसतो. तो एखाद्या किरकोळ गोष्टीपुरता खरा असतो आणि मोठ्या गोष्टीबद्दल गप्प असतो. मोठी गोष्ट म्हणजे तुमचं सांडपाणी नेमकं जातं कुठे आणि त्यात तुम्ही किती माल ओतता. हे पटवून द्यायला मला थोडं खोलात जावं लागेल.

‘बायोडिग्रेडेबल’पासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त छापला जाणारा आणि सगळ्यात जास्त गैरसमज असलेला शब्द हाच.

१९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत कृत्रिम डिटर्जंट घरोघरी पोचले, तेव्हा त्यातला मुख्य घटक फांद्या असलेल्या कार्बनसाखळीचा होता. जिवाणूंना ती साखळी तोडता येईना. नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. जर्मनीने १९६१ साली यावर कायदा केला आणि १९६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या उत्पादकांनीही सरळ साखळीचा घटक वापरायला सुरुवात केली. आपल्याकडे धंद्यातले लोक ज्याला ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात, ती याच सरळ साखळीची. पेट्रोलियमपासून बनते, स्वस्त आहे, मळ उत्तम काढते. बाजारातली बहुतेक नेहमीची पावडर आणि भांड्यांची वडी तिच्यावरच चालते. आणि भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यात ती चांगली विघटित होते. म्हणजे ज्या साध्या पावडरीवर हिरवं पान छापलेलं नाही, तीही त्या व्याख्येत बायोडिग्रेडेबलच असते. युरोपीय संघात तर २००५ पासून घरगुती डिटर्जंटमधला प्रत्येक सर्फॅक्टंट, म्हणजे मळ सोडवणारा घटक, पूर्ण विघटनशील असणं कायद्यानेच सक्तीचं आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवावं की त्यांच्या दुकानातल्या बाटलीवर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलं असेल तर कंपनी फक्त कायदा पाळतेय, त्यापलीकडे काही नाही.

आता तो शब्द मोजतात कसा ते पाहा. प्रचलित चाचणीत पदार्थ थोड्या प्रमाणात पाण्यात घालतात, त्यात जिवाणू सोडतात, ऑक्सिजन भरपूर मिळेल अशी व्यवस्था करतात आणि २८ दिवस थांबतात. त्या मुदतीत सुमारे ६० टक्के पदार्थाचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात झालं, तर त्याला सहज विघटनशील म्हणतात. चाचणी प्रामाणिक आहे, शास्त्रशुद्ध आहे. पण तिची एक अट आहे, ऑक्सिजन.

आपल्या शहरांमधलं सांडपाणी या अटीत बसतं का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांमधून रोज सुमारे ७२,००० दशलक्ष लिटर मैलापाणी निघतं आणि त्यातल्या जेमतेम २०,००० दशलक्ष लिटरवर प्रत्यक्ष प्रक्रिया होते. बाकीचं नाल्यांतून, सेप्टिक टँकमधून, शोषखड्ड्यांतून नदीत, खाडीत किंवा भूजलात जातं. काळ्या पडलेल्या, वास मारणाऱ्या नाल्यात ऑक्सिजन जवळपास शून्य असतो. सेप्टिक टँकमध्ये तर तो नसतोच. अशा ठिकाणी ॲसिड स्लरीचं विघटन जवळजवळ थांबतं. तिचा रेणू तोडायची पहिली पायरीच जिवाणूंना ऑक्सिजनशिवाय जमत नाही. मग ती गाळाला चिकटून बसते किंवा तशीच पुढे वाहते आणि एखाद्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळलं की फेस होऊन वर येते. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण वर्षानुवर्षं पाहतोय. दिल्लीत यमुनेवर तेच, बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावावर तेच. त्या फेसात कारखान्यांचा वाटा आहे, सडलेल्या सेंद्रिय पदार्थांचाही आहे, पण आपल्या मोरीतून गेलेला साबणही त्यात आहे. त्यातल्या बहुतेक साबणाने २८ दिवसांची ती चाचणी पास केलेली असते.

इथे ‘वनस्पतीजन्य’ उत्पादनांना न्याय द्यायला हवा. नारळाच्या किंवा पामच्या तेलापासून बनणारे सर्फॅक्टंट, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट आणि त्याचे भाऊबंद, ऑक्सिजन नसतानाही बऱ्यापैकी तुटतात, कारण त्यांचा रेणू तोडायच्या पहिल्या पायरीला ऑक्सिजन लागत नाही. साखर आणि तेल यांच्यापासून बनवलेले ग्लुकोसाइड गटातले सर्फॅक्टंट याहून चांगले. हाताला सौम्य, फेस माफक आणि दोन्ही परिस्थितीत विघटनशील. तुमच्या घरचं पाणी सेप्टिक टँकमध्ये जात असेल, गावाकडे किंवा कोकणात बहुतेक घरांचं तसंच असतं, तर हा फरक खरा आहे आणि त्यासाठी दोन पैसे जास्त द्यायला मी स्वतः तयार असतो. फक्त कारण नीट समजून घ्या. रेणूची रचना जिवाणूंना झेपणारी आहे, हे ते कारण. झाडापासून आला म्हणून कुठलाच पदार्थ आपोआप निरुपद्रवी होत नाही.

रिठ्याचंच उदाहरण घ्या. रिठ्यातलं सॅपोनिन उत्तम फेस करतं, रेशमी साड्या आणि लोकरीच्या शाली धुवायला रिठ्यासारखं दुसरं काही नाही असं मला आजही वाटतं. पण हेच सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. सॅपोनिन असलेल्या वनस्पती कुटून डोहात टाकायच्या आणि गुंगलेले मासे वेचायचे, ही मासेमारीची जुनी पद्धत जगभर अनेक ठिकाणी होती. रिठा लवकर विघटित होतो, त्यामुळे बादलीभर पाण्याने नदीला काही होत नाही. पण ‘नैसर्गिक म्हणजे जलचरांना सुरक्षित’ हे समीकरण चुकीचं आहे, हे दाखवायला एवढं पुरे.

पाम तेलाचा प्रश्न वेगळाच. ‘कोकोनट-बेस्ड’ लिहिलेल्या बाटलीतला घटक पामच्या बियांच्या तेलापासूनही बनू शकतो. दोन्ही तेलांतली बारा-चौदा कार्बनची साखळी सारखीच असते आणि कारखान्याला जे स्वस्त मिळेल ते चालतं. पाम म्हटलं की इंडोनेशिया-मलेशियातली तोडलेली जंगलं आली. पण एका हेक्टरात पामचं तेल नारळाच्या कितीतरी पट निघतं, त्यामुळे सगळं नारळावर नेलं तर जमीन आणखी लागेल. यात स्वच्छ उत्तर नाही. सर्फॅक्टंट कशापासूनही बनवा, कुठेतरी जमीन किंवा तेलविहीर खर्ची पडते. म्हणून कमी वापरणं हाच मला यातला सरळ मार्ग दिसतो.

दुसरा मुद्दा फरशीच्या क्लीनरचा, आणि तुमच्या एसटीपीच्या दृष्टीने हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाटलीवर कडुनिंबाची पानं, लिंबं, ‘हर्बल’ असं लिहिलेलं असतं. मागे बारीक अक्षरांत घटक दिले असतील तर पाहा. जंतुनाशक म्हणून बहुतेक वेळा बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं, धंद्यात त्याला बीकेसी म्हणतात. वासाचा आणि रंगाचा अंश सोडला तर बाकी पाणी. बहुतेक फ्लोअर क्लीनरमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. बीकेसी जिवाणू मारतं, त्यासाठीच ते घातलेलं असतं. ते फरशीवरचे मारतं तसे एसटीपीतलेही मारतं. शिवाय ते गाळाला घट्ट चिकटतं आणि अमोनियावर काम करणाऱ्या नाजूक जिवाणूंना आधी दाबतं. जलचरांसाठीही ते चांगलंच विषारी आहे. अडीच-तीनशे घरं रोज सकाळी ‘९९.९ टक्के जंतू मारणाऱ्या’ पाण्याने फरशी पुसत असतील आणि सगळं पाणी एकाच टाकीत येत असेल, तर त्या टाकीतल्या जिवाणूंनी जगावं कसं?

निरोगी माणसांच्या घरात रोज फरशी निर्जंतुक करायची गरज नसते. झाडून, साध्या पाण्याने किंवा पाण्यात चमचाभर सौम्य साबण घालून पुसलं की धूळ, मळ आणि त्याबरोबर बहुतांश जंतूही निघून जातात. पाच मिनिटांनी आपण त्याच फरशीवर चालणार असतो. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील, कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तेव्हा जंतुनाशक जरूर वापरावं, तेवढ्या जागेपुरतं. जंतुनाशकाचं रोजचं पुसणं बंद झालं तर नदीला आणि एसटीपीला जो फायदा होईल, तो कुठल्याही ग्रीन बाटलीने होणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

संडास साफ करायच्या ॲसिडबद्दल लोकांचा अंदाज नेमका उलटा असतो. नेहमीच्या टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. नदीच्या दृष्टीने पाहिलं तर हे फार वाईट नाही. वाटेतल्या क्षारांशी भिडून ते उदासीन होतं आणि शेवटी क्लोराइड उरतं. धोका असतो तो वापरणाऱ्याला. घरकामाला येणाऱ्या मावशी बंद बाथरूममध्ये, हातमोजे न घालता, कधीकधी जास्त चकाकी यावी म्हणून ॲसिडवरच ब्लीच ओततात. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तो फुफ्फुसं जाळतो, माणूस मरूही शकतो. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरी काम करणाऱ्या व्यक्तीला हे आजच समजावून सांगावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. सायट्रिक ॲसिडवर चालणारं टॉयलेट क्लीनर घेतलं तर नदीचं फारसं काही बदलणार नाही, पण त्या बाईच्या श्वासाचं आणि हातांचं नक्की बदलेल. मला हे कारण पुरेसं वाटतं. पण मावशींनी त्यावरही ब्लीच ओतू नये, ॲसिड कुठलंही असो, ब्लीचबरोबर त्यातून तोच वायू निघतो.

आता बायोएन्झाइमकडे येतो. हा विषय भावनेचा झालाय, म्हणून जरा जपून पण स्पष्ट लिहितो. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने बंद डब्यात. अनेक घरांत हे श्रद्धेने केलं जातं आणि सालींचा कचरा वाया जात नाही ही गोष्ट चांगलीच आहे. पण तयार होतं ते मुख्यतः पातळ व्हिनेगर. आंबवण्यात आधी अल्कोहोल होतं, मग त्याचं ॲसेटिक ॲसिड. द्रवाचा सामू (पीएच) तीन-चारच्या आसपास येतो, लिंबाच्या सालीतलं थोडं तेल त्यात उतरतं. नळावरचे पांढरे डाग, आरसा, बाथरूमच्या टाइल यांसाठी ते ठीक काम करतं. इतक्या आंबट द्रवात मळ काढणारे एन्झाइम फारसे टिकत नाहीत, त्यामुळे तेलकट कढई त्याने निघत नाही. जंतुनाशक म्हणून तर त्याच्यावर विसंबू नका.

दोन ठिकाणी त्याने नुकसान होतं. पहिलं, तुमच्या स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा आणि जुन्या घरातली शहाबादी फरशी. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. लिंबू, व्हिनेगर, बायोएन्झाइम, कुठलंही ॲसिड त्यांना हळूहळू खातं, चमक जाते आणि दगड खरखरीत होतो. संगमरवराचंही तेच. दुसरं नुकसान जास्त गंभीर आहे. ‘नदी शुद्ध करायला’ म्हणून लोक शेकडो लिटर बायोएन्झाइम नाल्यात, तलावात ओततात. त्यात न आंबलेला गूळ असतो, सेंद्रिय आम्लं असतात. ती खायला जिवाणूंना ऑक्सिजन लागतो आणि तो ते पाण्यातूनच घेतात. आधीच गुदमरलेल्या तलावातला उरलासुरला ऑक्सिजन आपण असा संपवतो. मनात चांगला हेतू असलेली माणसं हे करतात, म्हणूनच मला ते पाहून जास्त वाईट वाटतं.

आणखी एक, पाककृतीसारखे फिरणारे निरोप वाचून लोक व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करतात. बुडबुडे छान येतात, पण दोघं एकमेकांना निकामी करतात. सोडा आधी, घासून धुऊन झाल्यावर ॲसिड, असं वेगवेगळं वापरलं तरच दोघांचा उपयोग.

कारखान्यात बनणारे खरे एन्झाइम मात्र मला फार मोलाचे वाटतात. प्रथिनं तोडणारा प्रोटिएज, चरबी तोडणारा लायपेज, पिठूळ डाग काढणारा अमायलेज. हे आंबवण्यातूनच मिळतात, अगदी थोड्या प्रमाणात लागतात, थंड पाण्यात चालतात आणि त्यांच्यामुळे पावडरीत सर्फॅक्टंट कमी घालता येतो. गंमत अशी की चांगल्या एन्झाइमवाल्या पावडरीवर हिरवं पान असतंच असं नाही. रेशीम आणि लोकर मात्र त्यात घालू नका. ते धागे स्वतःच प्रथिनांचे असतात आणि प्रोटिएजला पैठणी आणि वरणाचा डाग यांत फरक कळत नाही.

फेस आणि दाटपणा या दोन गोष्टींनी आपण सगळे फसतो. भांड्यांचा द्रव दाट असला की तो ‘स्ट्राँग’ वाटतो. प्रत्यक्षात अशा बहुतेक द्रवांना दाटपणा साध्या मिठाने आणतात. योग्य प्रमाणात मीठ घातलं की पाण्यासारखा द्रव मधासारखा होतो. फेसाचाही स्वच्छतेशी थेट संबंध नाही. उलट फेस जास्त तर खळबळून काढायला पाणी जास्त. आपल्याकडे बहुतेक लोक कपडे थंड पाण्यातच धुतात, त्यामुळे युरोपात पाणी तापवण्यात जी वीज जाते तो भार आपल्यावर नाही. आपला भार आहे पाणी आणि जास्त टाकलेली पावडर. झाकणावरच्या रेषेच्या निम्मं टाकून पाहा. ऑफिसला घातलेल्या, फारसा मळ नसलेल्या कपड्यांना बहुतेक वेळा तेवढं पुरतं. भांड्यांच्या वडीचंही तसंच. डबीत पाणी साचून वडीचा चिखल होतो आणि निम्मी वडी न वापरताच वाहून जाते. खाली जाळी असलेल्या डबीत ठेवली तर ती बरीच जास्त टिकते. आणि प्लॅस्टिकच्या हिरव्या घासणीतून प्रत्येक घासण्याला बारीक तुकडे सुटतात. नारळाचा काथ्या वापरा, तो मिळायला आपल्याकडे काय अडचण आहे?

पॅकिंगबद्दल थोडं, कारण इथे दावे फार चकचकीत असतात. ‘रिफिल पाउचमध्ये प्लॅस्टिक कितीतरी कमी’ हे वजनाने खरं आहे. पण पाउच अनेक थरांचं असतं, ते वेगळे करता येत नाहीत, भंगारात त्याला भाव नाही. कचरावेचक महिला ते उचलत नाहीत, कारण दिवसभर वेचूनही त्याचे पैसे होत नाहीत. जाड प्लॅस्टिकची बाटली मात्र भंगारवाला घेतो आणि तिचं पुन्हा काहीतरी बनतं. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या वेचकांना विचारलंत तर कुठल्या पॅकिंगला भाव आहे हे त्या बाटलीवरच्या रिसायकलिंगच्या तीन बाणांपेक्षा नेमकं सांगतील. पाण्यात विरघळणाऱ्या डिटर्जंटच्या पट्ट्या आणि कॅप्सूल ‘प्लॅस्टिक-फ्री’ म्हणून विकल्या जातात. त्यांचं आवरण पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं असतं, म्हणजे पाण्यात विरघळणारं कृत्रिम पॉलिमर. विरघळून दिसेनासं होणं आणि विघटन होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला सरावलेले जिवाणू असलेल्या चांगल्या प्रक्रिया केंद्रात ते तुटतं. उघड्या नाल्यात तशी खात्री देता येत नाही. मला विचाराल तर कागदी खोक्यातली पावडर किंवा घट्ट कॉन्सन्ट्रेट घेऊन घरी पाणी मिसळणं सगळ्यात बरं. पाणी तुमच्या नळालाही आहे, ते ट्रकने गुजरात किंवा हिमाचलमधून आणायची गरज नाही.

मग विश्वास ठेवायचा कशावर? आपल्या देशात घरगुती क्लीनरच्या बाटलीवर सगळे घटक छापायची सौंदर्यप्रसाधनांसारखी सक्ती नाही, हे मूळ दुखणं आहे. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून ती सक्ती आणली. आपल्याकडे १९९१ साली केंद्र सरकारने ‘इकोमार्क’ आणला, मातीच्या घड्याचं चिन्ह. साबण आणि डिटर्जंट त्याच्या सुरुवातीच्या गटांत होते. पण योजना ऐच्छिक होती, ग्राहकांना माहीत नव्हती आणि कंपन्यांना स्वतःचं हिरवं पान छापणं फुकट पडत होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये इकोमार्कचे नवे नियम आले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरुद्ध, म्हणजे पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. दावा बाटलीबद्दल आहे, आतल्या द्रवाबद्दल आहे की बनवण्याच्या पद्धतीबद्दल, हेही स्पष्ट करावं लागतं. याचा उपयोग करा. कंपनीला ईमेल करून विचारा की कुठला सर्फॅक्टंट आहे, जंतुनाशक आहे का, विघटनाची चाचणी कुठल्या पद्धतीने केली. सरळ उत्तर देणारी कंपनी मला पानं-फुलं छापणाऱ्या कंपनीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. उत्तर गोलमाल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. परदेशातल्या वाचकांसाठी युरोपचं फुलाचं चिन्ह, नॉर्डिक हंस, जर्मनीचा १९७८ पासूनचा ‘ब्लू एंजल’ आणि अमेरिकेचं ‘सेफर चॉइस’ ही त्रयस्थ तपासणीवर मिळणारी चिन्हं आहेत. त्यांच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. ‘केमिकल-फ्री’ छापलेली बाटली मात्र मी उचलतच नाही. पाणीसुद्धा रसायन आहे, आणि जी कंपनी एवढ्यावर खोटं बोलते तिच्या बाकीच्या दाव्यांचं काय करायचं?

माझ्या स्वतःच्या घरात फार कमी गोष्टी आहेत. तेलकट भांडी आणि ओट्यासाठी धुण्याचा सोडा, हातमोजे घालून, पण ॲल्युमिनियमला तो लावत नाही कारण भांडं काळं पडतं. नळ, शॉवर आणि गीझरच्या पाण्याने पडलेल्या डागांसाठी लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात सुटं मिळतं. रोजच्या भांड्यांना एक साधा द्रव, पाण्यात पातळ करून. कपड्यांना एन्झाइमवाली पावडर. लोकरीला रिठा. ब्लीचची एक छोटी बाटली, आजारपणासाठी. बोअरचं पाणी जड असेल तर साध्या साबणाचा नुसता चोथा होतो, तेव्हा डिटर्जंटच बरा, त्यात अपराधी वाटून घेऊ नये.

आता कमिटीसाठी. सगळ्या घरांना ग्रीन उत्पादनं सक्तीने घ्यायला लावण्याआधी एसटीपीच्या खोलीत जाऊन या. फेस पांढरा, हलका असेल तर तो बहुधा डिटर्जंटचा आणि बऱ्याचदा टाकीत जिवाणू पुरेसे नसल्याची खूण असतो. दाट तपकिरी साय असेल तर कारण वेगळं, तेल-तूप किंवा धाग्यासारखे वाढणारे जिवाणू. ऑपरेटरला विचारा की ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारी यंत्रं, दिवसातून किती तास चालतात. वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवणं अनेक सोसायट्यांत चालतं. हवा बंद म्हणजे ऑक्सिजन बंद, आणि मग वर सांगितलेलं बरंचसं विघटन थांबतं किंवा मंदावतं. अशा टाकीत महागातला महाग प्लांट-बेस्ड द्रव ओतला तरी तो अर्धवटच तुटून बाहेर पडणार. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या धुतात त्या दिवशी ब्लीचचं पाणी एकदम एसटीपीत सोडलं जातं का, तेही पाहा. एका दुपारीत टाकीतले जिवाणू मरतात आणि पुढचे आठवडे बाहेर जाणारं पाणी खराब राहतं. तो निचरा थोडाथोडा सोडायला सांगा. लॉबी आणि जिने पुसणाऱ्या कर्मचाऱ्यांना कंत्राटदार किती फिनाइल देतो याचा हिशेब मागा, तो आकडा सगळ्या घरांच्या मिळून वापराएवढाही निघू शकतो. फेस दाबायला टाकायचं सिलिकॉनचं औषध फेस लपवतं, पाणी सुधारत नाही. आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. ते पत्र काढा, मागच्या वर्षभराचे तपासणी अहवाल त्याच्या शेजारी ठेवा आणि बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचा, आकडा महिन्यागणिक वाचा. ब्लोअर पूर्ण वेळ चालू ठेवून आणि फिनाइल निम्म्यावर आणून दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा. त्यानंतरही फेस राहिला, तर कुठल्या घराने कुठली बाटली आणावी यावर बोलू.